स्ट्राँगमॅन स्पर्धा बघायला पहिल्यांदाच जाताय? हे वाचून जा

मुंबईच्या माणसाला ताकदीचे खेळ बघायची सवय आहे. लालबाग-परळच्या मैदानांत शरीरसौष्ठव स्पर्धा लागली की रात्री उशिरापर्यंत गर्दी हलत नाही, आणि कुणाची पाठ भरली, कुणाचे पाय मागे पडले हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. तोच प्रेक्षक स्ट्राँगमॅन स्पर्धेला आला की चाचपडतो. समोर कुणी ट्रक ओढतंय, कुणी दगड छातीशी कवटाळतंय, पंच हात वर-खाली करतायत, लाउडस्पीकर ओरडतोय. आणि पाच-सहा प्रकार झाले की एकाच्या गळ्यात पदक पडतं. तो जिंकला कसा, हे मात्र कळलेलं नसतं. ते कळावं म्हणून हा लेख. थोडे नियम आणि नेमकं कुठे बघायचं याची जाण घेऊन गेलात, तर हा खेळ तुम्हाला दिवसभर जागचं हलू देणार नाही.

आधी कार्यक्रमपत्रिका मिळवा

मुंबईत हा खेळ अजून लहान आहे. मोठ्या फिटनेस प्रदर्शनांत त्याला एक कोपरा मिळतो, नाहीतर एखादी जिम आपल्या आवारात किंवा जवळच्या मैदानावर स्पर्धा भरवते. त्यामुळे वर्तमानपत्रात जाहिरात शोधत बसू नका. आपल्या भागात जिथे लॉग, योक, दगड असं साहित्य आहे त्या जिमचं इन्स्टाग्राम बघा, तिथल्या प्रशिक्षकाला विचारा. प्रदर्शनाचं तिकीट बुकमायशोवर मिळतं, पण त्या तिकिटावर स्ट्राँगमॅन कोणत्या दिवशी आहे हे अनेकदा लिहिलेलं नसतं. दोन-तीन दिवसांच्या प्रदर्शनात शरीरसौष्ठव, पॉवरलिफ्टिंग, पंजा आणि स्ट्राँगमॅन वेगवेगळ्या दिवशी असू शकतात. दिवस पक्का केल्याशिवाय पैसे भरू नका.

पत्रिकेत दोन गोष्टी शोधा. पहिली, वजनगट. खुला गट म्हणजे शरीराच्या वजनाला मर्यादा नाही. त्याखाली बहुधा १०५ किलोंच्या आतला, ९० किलोंच्या आतला असे गट असतात, आणि महिलांचे गट वेगळे. दुसरी, प्रकारांची यादी. पाच किंवा सहा प्रकार असतात आणि ते आधीच जाहीर होतात. ही यादी मोबाइलमध्ये ठेवा, पुढे गुण मांडताना ती लागणार आहे.

महिलांचे गट पुष्कळदा सकाळी पहिले उरकतात. ‘मोठे गडी दुपारी येतील’ म्हणून उशिरा निघणारा प्रेक्षक दिवसातल्या काही सर्वांत चुरशीच्या लढती हुकवतो. उशिरा जाऊ नका.

रविवार, लोकल आणि ब्लॉक

स्पर्धा बहुतेक शनिवार-रविवारी असते, आणि मुंबईत रविवार म्हणजे मेगाब्लॉक. आदल्या रात्री मध्य, हार्बर आणि पश्चिम तिन्ही मार्गांचं वेळापत्रक बघून घ्या. गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात जायचं असेल तर गोरेगाव किंवा राम मंदिर स्टेशनला उतरून पूर्वेला या. मेट्रो ७ ने येणाऱ्यांना गोरेगाव पूर्व स्थानक सोयीचं. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, कार्यक्रम असेल तर वांद्रे किंवा कुर्ल्याहून रिक्षा, नाहीतर मेट्रो ३. शहरात नवीन असाल तर एक लक्षात ठेवा: वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही. वरळी-दादरकडे कार्यक्रम असला तर टॅक्सी किंवा बेस्टचा हिशोब आधीच करून निघा.

पिशवीत पाणी, टोपी, रुमाल आणि एक पेन. मैदानावरची स्पर्धा असेल तर जानेवारीतही दुपारचं ऊन अंग भाजून काढतं. बंद सभागृहांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून वडापाव बाहेरच खाऊन घ्या. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या कानात घालायला कापूस ठेवा. स्पीकरची भिंत आणि लोखंड आपटल्याचा आवाज त्यांना सोसवत नाही. प्रदर्शनात स्टॉलवाले प्री-वर्कआउटचे, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या उत्तेजक पेयाचे, नमुने फुकट वाटतात. त्यांत कॅफिन भरपूर असतं. उपाशीपोटी घेऊ नका, मुलांना तर अजिबात देऊ नका.

कुठे बसायचं

शरीरसौष्ठवाला मंचासमोर मधोमध बसतात, कारण सगळं समोरूनच दिसायचं असतं. इथे तसं नाही. चालण्याचे प्रकार, म्हणजे योक आणि फार्मर्स वॉक, बाजूने बघावे. पावलं दिसतात आणि दोन स्पर्धकांतलं अंतरही कळतं. डोक्यावर वजन ढकलायचे प्रकार थोडे तिरक्या कोनातून बघावे, म्हणजे कोपर सरळ झालं की नाही ते दिसतं. ट्रक ओढताना समोरून चेहरा दिसतो, पण ट्रकच्या रेषेत कधीच उभं राहू नका. सुटलेला दोर आणि न थांबलेलं वाहन कुणाची वाट बघत नाही. कठड्याच्या आत पाय टाकायचा नाही, फोटोसाठीसुद्धा. १५० किलोंचा दगड फळीवरून घरंगळला तर त्याला हाताने अडवणारा कुणी नसतो.

प्रत्येक प्रकारानंतर साहित्य बदलायला बराच वेळ जातो. त्या वेळात जागा बदला.

एकेक प्रकार कसा बघायचा

नवा प्रेक्षक फक्त किलोंचा आकडा बघतो, तोंडात बोट घालतो, आणि तिसऱ्या स्पर्धकापासून कंटाळतो, कारण सगळे तेच वजन उचलत असतात. या खेळात पुष्कळ प्रकारांत वजन सगळ्यांना सारखंच असतं. फरक पडतो तो वेळेत, अंतरात आणि रेप्सच्या, म्हणजे वजन किती वेळा उचललं त्याच्या, संख्येत. तेव्हा आकडा एकदा बघा आणि सोडून द्या. त्यानंतर घड्याळ, पाय, बोटं आणि श्वास बघा.

लॉग लिफ्टपासून सुरुवात करू. लॉग म्हणजे लाकडाचा किंवा पोलादाचा जाड ओंडका. पकडायच्या मुठी त्याच्या पोटात असतात, त्यामुळे तळहात एकमेकांसमोर येतात. जमिनीवरून तो आधी मांडीवर घ्यायचा, तिथे क्षणभर बसवायचा, मग छातीवर लोळवत आणायचा आणि शेवटी डोक्यावर ढकलायचा. जिमला जाणाऱ्यांना वाटतं की अवघड भाग शेवटचा, पण पुष्कळ स्पर्धक मांडीवरून छातीवर आणतानाच संपतात. छातीवर आलेला लॉग गळ्याशी दाबतो, मान मागे घ्यावी लागते, श्वास कोंडतो, कधीकधी भोवळ येते. म्हणून लॉग छातीवर असताना स्पर्धक किती वेळ घालवतो ते बघा. जो तिथे रेंगाळला त्याचा पुढचा रेप बहुधा जातोच. वर नेल्यावर कोपर सरळ, पाय एका रेषेत आणि शरीर स्थिर झालं की पंच हात खाली करतात. तो इशारा व्हायच्या आधी लॉग खाली आणला तर रेप मोजत नाहीत. लॉगचा जागतिक विक्रम २२९ किलोंचा, बुर्किना फासोच्या आयर्न बिबीने २०२१ मध्ये ग्लासगोत केलेला. मुंबईतल्या स्पर्धेत आकडे याच्या कितीतरी खाली असतील. त्याने काही बिघडत नाही, कसोटी तीच असते.

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजन लावलेला बार उचलून सरळ उभं राहायचं, हा प्रकार जिममुळे सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून त्यावरच जास्त वाद होतात. पॉवरलिफ्टिंग बघितलेला कुणीतरी शेजारी बसून सांगेल की हा फाउल आहे. ऐकू नका. पॉवरलिफ्टिंगमध्ये मनगटाचे पट्टे चालत नाहीत आणि मांडीवर बार टेकवत टेकवत वर नेणं बाद ठरतं; स्ट्राँगमॅनमध्ये ही दोन्ही सहसा चालतात. एडी हॉलने २०१६ मध्ये लीड्समध्ये ५०० किलो उचलले, ते याच पद्धतीच्या नियमांत. त्यानंतर त्याच्या नाकातून रक्त आलं होतं आणि तो भोवळून पडला होता. आइसलँडच्या हाफथोर ब्यॉर्नसनने हा आकडा २०२० मध्ये ५०१ वर आणि २०२५ मध्ये ५१० वर नेला. मोठ्या डेडलिफ्टला नाकातून रक्त येणं, डोळ्यांसमोर अंधारी येणं होतं. समोर असं काही झालं तर घाबरून आरडाओरडा करू नका आणि कठडा ओलांडून धावू नका. वैद्यकीय मदतनीस तिथेच उभे असतात. त्यांना वाट मोकळी ठेवा.

योक म्हणजे खांद्यावर घ्यायची पोलादी चौकट, दोन्ही बाजूंना वजन लावलेली. इथे लांब ढांगा टाकणारा मागे पडतो. पावलं छोटी, भराभर, आणि चौकट डोलायला लागायच्या आत अंतर संपवायचं. चौकट एकदा हेलकावे घ्यायला लागली की ती माणसालाच फिरवते. फार्मर्स वॉकमध्ये दोन्ही हातांत वजन घेऊन धावायचं असतं आणि वळण असेल तर सगळा खेळ वळणावर होतो. मुंबईच्या दमट हवेत हा प्रकार जास्तच निष्ठुर असतो, कारण घामाने हात निसटतात. स्पर्धक सारखे तळहाताला पांढरी पूड चोळत असतात, ती मॅग्नेशियम कार्बोनेटची. हातातून एकदा वजन सुटलं की पुन्हा उचलण्यात जाणारे दोन-तीन सेकंद पुढे भरून निघत नाहीत.

ट्रक किंवा बस ओढणं हा गर्दीचा लाडका प्रकार. पहिला इंच बघा. थांबलेलं वाहन हलवायला जी ताकद लागते ती हलतं ठेवायला लागत नाही. म्हणून सुरुवातीला स्पर्धक जमिनीला जवळजवळ समांतर होतो, पाय मागे रोवतो आणि दोर हातांनी खेचतो. एकदा चाक फिरलं की ताल राखायचा. मध्ये थांबला तर पुन्हा तोच पहिला इंच. रस्त्याचा चढ-उतार आणि बुटांची पकड यांनी निकाल फिरतो. पाऊस पडून गेलेला असेल तर मैदानावरचे जाणकार आधी स्पर्धकाच्या बुटांच्या तळांकडे बघतात.

हर्क्युलिस होल्डमध्ये दोन खांब बाहेर कलंडत असतात आणि मधला माणूस दोन्ही हातांनी त्यांना धरून ठेवतो. हालचाल काहीच नाही, नुसतं धरून ठेवायचं. आपल्याकडे जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला साधारण ४२ किलोंचा खंडा एका हातात तोलून धरायची स्पर्धा होते. ती ज्याने बघितली त्याला इथे काय चाललंय ते समजावून सांगावं लागत नाही. इतरांनी बोटांकडे बघावं. करंगळी आधी उघडते, मग अनामिका, आणि तिथून पुढे फार सेकंद उरत नाहीत.

शेवटी अ‍ॅटलास स्टोन्स. बहुतेक स्पर्धा यावरच संपतात आणि संपायलाही हव्यात. काँक्रीटचे पाच गुळगुळीत गोळे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जड, एकेक करून उंच फळ्यांवर ठेवायचे. ४५ सेंटीमीटर व्यासाचा गोळा १२० किलोंच्या आसपास भरतो, आणि धरायला त्याला कान नाही की कडा नाही. स्पर्धक हाताला आणि बाहीला टॅकी लावतात. ही राळेपासून केलेली चिकट लुकण थंडीत घट्ट होते आणि उन्हात पातळ होऊन ओघळते. दुपारी तीनला मैदानावर दगड उचलणाऱ्याची अडचण त्यावरून ओळखा. दगड मांडीवर आला की स्पर्धक त्यावर हात पुन्हा बसवतो, श्वास घेतो आणि कंबर पुढे फेकून उभा राहतो. मांडीवरचा तो एक श्वास चौथ्या आणि पाचव्या दगडाला मोजा. तो जितका लांबला तितका माणूस थकला.

गुण मांडता आले पाहिजेत

हा भाग बहुतेक प्रेक्षक सोडून देतात आणि म्हणूनच शेवटची चुरस त्यांना दिसत नाही. हिशोब सोपा आहे. दहा स्पर्धक असतील तर प्रत्येक प्रकारात पहिल्याला १०, दुसऱ्याला ९, असं करत शेवटच्याला १. एकही रेप न झालेल्याला बहुधा शून्य. दोघे दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत आले तर ९ आणि ८ यांची बेरीज वाटून दोघांना ८.५. सगळ्या प्रकारांच्या गुणांची बेरीज म्हणजे निकाल.

आता यातली गंमत बघा. सहापैकी पाच प्रकार झाले. एकाचे ४४ गुण, दुसऱ्याचे ४२. दगड उरलेत. दुसऱ्याने दगड जिंकले तर त्याचे ५२ होतील. पहिला त्यात दुसरा आला तर ५३ गुणांनी विजेता तोच. तिसरा आला तर ५२-५२ बरोबरी, आणि मग सहसा कुणी जास्त प्रकार जिंकले ते मोजतात. चौथा आला तर ५१, विजेतेपद गेलं. म्हणजे त्या दोघांच्या मध्ये घुसणारे बाकीचे स्पर्धक, ज्यांना स्वतःला पदकाची आशा नाही, तेच विजेता ठरवतात. सातव्या क्रमांकावरचा गडी जीव तोडून पाचवा दगड का उचलतोय, ते आता कळेल.

बऱ्याच प्रकारांत दोन-दोन स्पर्धक शेजारी शेजारी धावतात. नवा माणूस समजतो की जोडीत जो पुढे तो जिंकला. तसं नसतं. त्यांच्या वेळेची तुलना सगळ्यांशी होते. जोडीत हरलेला एकूण दुसरा येऊ शकतो. पुष्कळ ठिकाणी क्रम गुणांप्रमाणे उलटा लावतात, मागचे आधी आणि आघाडीचे शेवटी. त्यामुळे शेवटच्या जोडीला नेमकी किती वेळ गाठायची आहे हे माहीत असतं, आणि तुम्ही वेळा लिहून ठेवल्या असतील तर तुम्हालाही. पेन त्यासाठीच आणलं होतं.

ओरडायचं कधी, कसं

खुलेपणाने ओरडा. बुद्धिबळासारखी शांतता इथे कुणाला नको असते. ‘चल भावा’, ‘सोडू नको’, ‘ताई, अजून एक’, जे तोंडात येईल ते. दमलेल्या माणसाला गर्दीचा आवाज खरोखर उभा करतो. स्पर्धकांना विचारा, बहुतेक जण हेच सांगतील. पण वजन डोक्यावर स्थिर होतंय त्या क्षणी स्पर्धकाला पंचाचा इशारा मिळायला हवा. पंचाचा हात खाली आला की मग गर्जना करा. पंचाच्या आधी प्रेक्षकांनी जल्लोष केला आणि स्पर्धकाने त्यावरच वजन खाली आणलं, तर रेप त्याचा जातो.

शेवटच्या क्रमांकावर असलेल्यासाठी सगळ्यात जास्त ओरडायचं, ही या खेळाची जुनी रीत आहे आणि मला ती फार प्रिय आहे. जिंकलेले स्पर्धक स्वतः घाम पुसत कठड्याशी येऊन मागे राहिलेल्याला हाका मारतात. त्या हाकेत सामील व्हा. कुणाच्या पोटावर, वजनावर, जातीगावावर शेरा मारणारा शेजारी भेटला तर त्याला तिथेच गप्प करा.

स्पर्धकांना भेटताना

आपला प्रकार संपवून आलेला माणूस पहिली काही मिनिटं सेल्फीच्या अवस्थेत नसतो. बसू द्या, पाणी पिऊ द्या. पाठीवर थाप मारू नका. खांदे आणि दंड आधीच ठणकत असतात, आणि दगडांनंतर अंगावर टॅकी असेल तर तुमचा शर्टही गेला. टॅकी लागलेल्या हाताशी हस्तांदोलन करायचं नाही, मुठीला मूठ लावा. चुकून लागलीच तर साबणाने निघणार नाही. आधी तेल चोळा, मग साबण.

बोलायला गेलात तर ‘किती खाता?’ हा प्रश्न त्यांनी हजारदा ऐकलेला असतो. त्याऐवजी विचारा, तिसरा दगड का अडला, किंवा योक कुठे डोलला. डोळे चमकतात त्यांचे. इथले बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून, स्वतःच्या खिशातून प्रवासाचा आणि खुराकाचा खर्च करून येतात.

साहित्याला परवानगीशिवाय हात लावू नका, रिकामा लॉगसुद्धा नाही. काही ठिकाणी प्रेक्षकांसाठी हलक्या वजनाचा एक कोपरा ठेवलेला असतो. हौस तिथे भागवा, प्रशिक्षक सांगेल तसं. दगडाला हात घालताना कोपर वाकवून ओढण्याचा मोह होतो, आणि दंडाचा स्नायू तुटतो तो नेमका त्या वेळी.

बक्षीस झाल्यावर

लगेच निघू नका. लहान स्पर्धांना साहित्य आवरायला माणसं कमी पडतात. आयोजकांकडे जा, वजनाच्या प्लेट्स गाडीत चढवायला मदत करू का विचारा. पुढच्या वेळी स्वयंसेवक म्हणून यायचं असेल तर तिथेच नाव द्या. प्लेट्स चढवणं, वेळ लिहिणं, दगड परत जागेवर लोळवणं ही कामं पहिल्याच स्पर्धेत शिकता येतात, आणि कठड्याच्या आतून हा खेळ जसा दिसतो तसा कुठल्याही तिकिटावर दिसत नाही. त्या दिवशी मात्र चप्पल घालून जाऊ नका. पुढून बंद, जाड तळाचे बूट लागतात.